‘पोळा, पाऊस झाला भोळा’: यवतमाळच्या पोळ्यातली ही म्हण खरंच पाऊस ओळखते का?

श्रावणाच्या अमावास्येला यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात दुपारी तीन-चारच्या सुमारास गेलात, तर गावाच्या कडेला आखरावर एक लांबलचक तोरण बांधलेलं दिसेल. आंब्याच्या पानांचं. त्याखाली रंगवलेल्या शिंगांच्या, झुली पांघरलेल्या बैलजोड्या रांगेनं उभ्या. समोर वाजंत्री. आणि वर, बहुतेक वेळा, कधीही कोसळेल असं आभाळ. त्या आभाळाकडे बघत एखादा म्हातारा हमखास म्हणतो, ‘पोळा, पाऊस झाला भोळा.’

अर्थ सोपा. पोळा आला की पावसाचा जोर ओसरतो, तो भोळाभाबडा होतो. पडेल, पण झोडपणार नाही. दर पोळ्याला ही म्हण व्हॉट्सॲपवर फिरते, स्टेटसला लागते. पण गेल्या काही वर्षांत पोळ्याच्या आगेमागेच असा पाऊस कोसळला आहे की म्हणीवर विश्वास ठेवायचा की नाही, हा प्रश्न नुसता गमतीचा राहिलेला नाही. कापूस आणि सोयाबीनवर जगणाऱ्या या जिल्ह्यात पोळ्यानंतरचे पाच-सहा आठवडेच वर्षाचा हिशोब ठरवतात.

आधी पोळा म्हणजे नेमकं काय, ते बघू

शहरातल्या बऱ्याच जणांना पोळा म्हणजे बैलांची पूजा एवढंच माहीत असतं. विदर्भात हा सण दोन-तीन दिवस चालतो आणि त्याची सुरुवात आदल्या संध्याकाळी होते.

त्या संध्याकाळी खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून बैलाच्या खांद्याला घट्टे पडलेले असतात. तिथे हळद आणि तूप लावून खांदा शेकला जातो. तुपाची जागा आता बऱ्याच घरांत तेलानं घेतली आहे. शेकून झालं की बैलाला रीतसर आमंत्रण दिलं जातं: ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ घरच्या माणसाला जेवायला बोलवावं तसं. पोळ्याच्या दिवशी बैलाला तुतारी टोचायची नाही, कामाला जुंपायचं नाही.

सकाळी बैल नाल्यावर किंवा नदीवर नेऊन धुतात. मग साज चढतो. शिंगांना रंग आणि बेगड, डोक्याला बाशिंग, गळ्यात घुंगरांच्या आणि कवड्यांच्या माळा, नवी वेसण, नवा कासरा, पाठीवर झूल, अंगावर गेरूचे ठिपके. दुपारी सगळ्या जोड्या तोरणाखाली जमतात. गावातल्या मानकऱ्याची जोडी पुढे. हा मान कोणाचा, यावरून अनेक गावांत जुने वाद आहेत आणि त्यासाठी कधीकधी पोलीस बंदोबस्तही लागतो. सण बैलांचा असला तरी रुसवेफुगवे माणसांचेच.

तोरण तुटलं की पोळा ‘फुटतो’. जोड्या मारुतीच्या देवळाकडे धावत निघतात आणि मग घरोघरी जातात. दारात बैलांचे पाय धुतले जातात, ओवाळणी होते, पुरणपोळीचा घास भरवला जातो. बैल घेऊन आलेल्याच्या हातात ‘बोजारा’ म्हणून पैसे ठेवले जातात.

तोरण तुटायच्या आधीचा अर्धा-पाऊण तास मात्र चुकवू नये असा. कारण तेव्हा झडत्या होतात.

झडती म्हणजे यमक जुळवून, हात वर करून, मोठ्या आवाजात म्हटलेल्या चार-सहा ओळी. सुरुवात महादेव-पार्वतीच्या नमनानं होते, शेवट महादेवाच्या गजरानं. मधल्या ओळींत काय वाट्टेल ते येतं. कापसाचा पडलेला भाव, सावकाराचं व्याज, न मिळालेला पीकविमा, बोगस निघालेलं बियाणं, निवडणुकीत दिलेली आश्वासनं, शेजारच्या पाटलाची खोड. एका बाजूनं झडती आली की दुसऱ्या बाजूनं उत्तर येतं आणि जिंकणाऱ्याला गाव उचलून धरतं. यात नाव घेऊन टोमणा मारला तरी त्या दिवशी कोणी रागवायचं नाही, असा अलिखित नियम. गावानं वर्षभर गिळलेलं सगळं त्या अर्ध्या तासात बाहेर येतं. पाऊसही यातून सुटत नाही. तो वेळेवर आला नाही तर त्यालाही चार शब्द ऐकवले जातात.

मग पाऊस भोळा का?

ही म्हण आली कुठून, हे समजायला शेतातल्या कामाचा क्रम बघावा लागतो. मृगात किंवा आर्द्रात पेरणी. त्यानंतर दोन महिने बैलांना उसंत नसते, कारण ओळींमधलं तण काढायला डवरणीचे फेर चालू असतात. ऑगस्टच्या उत्तरार्धात कपाशी कंबरेला लागते, ओळी एकमेकींना भिडतात आणि डवरा आत शिरेनासा होतो. म्हणजे बैलांचं काम आपोआप थांबतं. कापणी अजून लांब, रब्बीची वखरणी त्याहून लांब. वर्षातली ही एकच फट अशी आहे की बैल रिकामा आहे, चारा हिरवा आहे आणि नाल्याला त्याला धुण्याइतकं पाणी आहे. पोळा नेमका या फटीत बसला आहे.

आणि याच काळात पिकाला काय हवं असतं? कपाशीला पाती-फुलं लागलेली, बोंडं धरायला लागलेली. सोयाबीनच्या शेंगा भरत असतात. पाऊस बंद झालेला परवडत नाही, कारण जिल्ह्यातली बहुतेक शेती कोरडवाहू आहे. पण झडही लागलेली परवडत नाही, कारण पाती गळतात, मुळं सडतात. हवा असतो तो मधूनमधून येणारा, तास-दोन तास पडून निघून जाणारा पाऊस. म्हणजेच भोळा पाऊस. म्हण म्हणून जे सांगितलं जातं त्यात अर्धं निरीक्षण आणि अर्धं मागणं आहे. (‘पोळा’ला ‘भोळा’ हे यमक आयतं जुळतं, हा भागही सोडून चालणार नाही. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होऊन ‘पोया’ आणि ‘भोया’ झालं तरी यमक शाबूत राहतं.)

निरीक्षणाचा भाग किती खरा? भारतीय हवामान विभागाच्या १९७१ ते २०२० या काळाच्या सरासरीनुसार देशात जुलैमध्ये २८०.५ मिलिमीटर पाऊस पडतो, ऑगस्टमध्ये २५४.९ आणि सप्टेंबरमध्ये १६७.९. म्हणजे ऑगस्ट संपताना पावसाला उतार लागतो, हे आकडेही सांगतात. पावसाची जातही बदलते. जुलैतली दिवसभराची रिपरिप कमी होते, दुपारी ऊन तापतं, ढग चढतात, विजा कडाडतात आणि एका बांधावर पाऊस पडून दुसरा कोरडा राहतो. ज्यांनी हे पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं, त्यांना पाऊस भोळा झाल्यासारखा वाटला तर नवल नाही.

सरासरी म्हणीच्या बाजूनं आहे. अडचण पोळ्याच्या तारखेत आहे.

तीन वर्षं, तीन नक्षत्रं

गावाकडे पावसाचा हिशोब आणि सणांचा हिशोब दोन वेगळ्या कालगणनांनी होतो. पावसाचा हिशोब सूर्याच्या नक्षत्रांवर. मृग दरवर्षी ७-८ जूनलाच लागतो, मघा १६-१७ ऑगस्टला, पूर्वा ३० ऑगस्टला, उत्तरा १३ सप्टेंबरच्या आसपास, हस्त २६-२७ सप्टेंबरला. एखाद्या दिवसाचा फरक पडतो, एवढंच. म्हणूनच ‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’ यासारख्या म्हणींना ठरावीक तारखांचा आधार असतो.

सणांचा हिशोब मात्र चंद्राच्या तिथीवर. चांद्रवर्ष साधारण ३५४ दिवसांचं, म्हणजे सौरवर्षापेक्षा ११ दिवसांनी लहान. त्यामुळे पोळा दरवर्षी अकराएक दिवस अलीकडे सरकतो आणि अधिक महिना आला की एकदम मागे जातो. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तो कुठेही पडू शकतो.

अलीकडची तीन वर्षं घ्या. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, त्यामुळे पोळा १४ सप्टेंबरला आला. तेव्हा उत्तरा लागलं होतं. २०२४ मध्ये तो २ सप्टेंबरला, म्हणजे पूर्वात. २०२५ मध्ये २२ ऑगस्टला, म्हणजे मघात. सण तोच, म्हण तीच, पण आभाळाच्या हिशोबात तीन वेगळी नक्षत्रं. १४ सप्टेंबरला ‘पाऊस ओसरला’ म्हणणं आणि २२ ऑगस्टला म्हणणं यात तीन आठवड्यांहून अधिक अंतर आहे. भर पावसाळ्यात तीन आठवडे म्हणजे फार झाले.

या तिन्ही वर्षांत प्रत्यक्षात काय झालं, ते बघण्यासारखं आहे.

२०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. म्हणजे पाऊस पोळ्याची वाट न पाहता महिनाभर आधीच भोळा होऊन बसला. सोयाबीन माना टाकत असताना सप्टेंबरमध्ये तो परत आला. आणि पोळ्यानंतर नवव्या दिवशी, २३ सप्टेंबरच्या पहाटे, नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं.

२०२४ मध्ये तर पाऊस ऐन पोळ्यालाच आला. बंगालच्या उपसागरातली कमी दाबाची प्रणाली आंध्र आणि तेलंगणा ओलांडून इकडे सरकली. तिकडे विजयवाडा पाण्याखाली गेलं आणि इकडे १ आणि २ सप्टेंबरला मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. हिंगोली, परभणी, नांदेडमध्ये शेतंच्या शेतं पाण्यात गेली. हिंगोली आणि नांदेड हे जिल्हे यवतमाळपासून फक्त पैनगंगेनं वेगळे होतात. नदीच्या दोन्ही तीरांवर त्या दिवशी बैल सजवायचे होते.

२०२५ मध्ये पोळा लवकर आला, पाऊस मात्र उशिरापर्यंत थांबला. सप्टेंबरच्या उत्तरार्धात मराठवाड्यात आणि सोलापूरच्या पट्ट्यात पुरानं जमिनी खरवडून नेल्या. ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारला ३१,६२८ कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर करावं लागलं.

तीनपैकी एकाही वर्षी म्हण धडपणे लागू पडली नाही. अर्थात तीन वर्षांवरून शतकांची म्हण खोटी ठरवणं घाईचं होईल. पण एक गोष्ट हवामान विभागानंही मान्य केली आहे. मान्सूनच्या परतीची सुरुवात पश्चिम राजस्थानातून १ सप्टेंबरला होते, असं आधी धरलं जायचं. २०२० मध्ये विभागानं ही सर्वसाधारण तारीख बदलून १७ सप्टेंबर केली. म्हणजे सरकारी पंचांगातच पावसाचा मुक्काम पंधरवड्यानं लांबला आहे. राजस्थानातून निघालेला परतीचा प्रवास विदर्भात पोहोचेपर्यंत ऑक्टोबर उजाडतो.

तसं पाहिलं तर आपलं जुनं पंचांगही म्हणीच्या बाजूनं उभं राहत नाही. ऋतूंच्या हिशोबात श्रावण-भाद्रपद म्हणजे वर्षा आणि आश्विन-कार्तिक म्हणजे शरद. पोळा येतो श्रावण संपताना. म्हणजे ज्या दिवशी पाऊस भोळा झाल्याचं आपण जाहीर करतो, त्या दिवशी पंचांगातला वर्षा ऋतू अर्धाच सरलेला असतो.

शिवाय पोळा सगळ्या महाराष्ट्रात एकाच दिवशी नसतो. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे बैलांचा सण ‘बेंदूर’ म्हणून पावसाळ्याच्या सुरुवातीलाच होतो, पुणे जिल्ह्याच्या काही भागांत तो भाद्रपदी अमावास्येला होतो. ‘पाऊस झाला भोळा’ हे बेंदराला कोणी म्हणणार नाही. ही म्हण श्रावणी पोळा करणाऱ्यांची, तिथल्या मातीची आणि तिथल्या पिकांची आहे. त्यातही ती ज्वारी-कापसाच्या काळातली. तेव्हा सप्टेंबरअखेर कापणीला येणारं सोयाबीन नव्हतं. आज तेच सोयाबीन उशिराच्या पावसात सर्वाधिक मार खातं. शेंगा झाडावरच फुटतात, दाणे काळे पडतात, कापून लावलेल्या ढिगाला कोंब येतात.

मग म्हणीवर विसंबून कोणाचं काय बिघडतं?

पहिलं नुकसान पोळ्याच्या सकाळीच होऊ शकतं. बैल धुताना माणूस बुडाल्याच्या बातम्या दर पोळ्याला राज्यात कुठून ना कुठून येतात. बहुतेक वेळा ती तरुण पोरं असतात. गावात ऊन पडलेलं असतं, पण वरच्या अंगाला रात्री झालेला पाऊस नाल्यातून उशिरा खाली येतो. कालपर्यंत गुडघाभर असलेला डोह खोल झालेला असतो, काठ निसरडे असतात आणि बैल बुजला तर कासरा हाताला गुंडाळलेला माणूस सोबत ओढला जातो. पाऊस भोळा झाल्याचा भरवसा इथे सगळ्यात महाग पडतो. बैल हापशीवर किंवा विहिरीच्या पाण्यानं धुतला तरी पोळा काही अडत नाही.

दुसरा मामला फवारणीचा. पोळ्यानंतर उघाड मिळाली की कपाशीवर औषध मारायची घाई होते. पावसात ते करता येत नाही म्हणून सगळ्या गावाची फवारणी एकाच आठवड्यात येते. दमट हवा, डोक्याएवढी वाढलेली कपाशी, तोंडावर रुमालाशिवाय काही नाही. २०१७ च्या पावसाळ्यात याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं. त्यामागे औषधांची मिश्रणं, साधनांचा अभाव अशी अनेक कारणं होती. पण उघाडीचे मोजके दिवस हातचे जाऊ नयेत, ही धास्ती फवारणीच्या मोसमात कायमची असते. म्हणीपेक्षा पुढच्या पाच दिवसांचा अंदाज हातात असेल तर ही घाई जरा तरी कमी होते. जिल्हानिहाय कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो आणि ‘मेघदूत’ ॲपवर मराठीत मिळतो. विजांसाठी ‘दामिनी’ ॲप आहे. पोळ्यानंतरच्या ‘भोळ्या’ पावसात विजाच जास्त असतात, हे लक्षात ठेवलेलं बरं.

इथे विदर्भातल्या दुसऱ्या एका परंपरेशी गल्लत होऊ शकते. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय तृतीयेला घटमांडणी होते. शेतात घट मांडून, भोवती धान्यं ठेवून, दुसऱ्या पहाटे त्यांच्या हलण्या-सरकण्यावरून वर्षभराच्या पावसाचं आणि पिकाचं भाकीत सांगितलं जातं. ते भाकीत ऐकायला लोक लांबून येतात आणि अंधश्रद्धा निर्मूलनवाले त्यावर दरवर्षी आक्षेप घेतात. पोळ्याच्या म्हणीचा तसा दावाच नाही. तिला भाकीत करणारा महाराज नाही, मांडणी नाही. ती गप्पांमध्ये टाकायची गोष्ट आहे. तिला हवामानाचा अंदाज समजण्याची चूक व्हॉट्सॲपनं केली, गावानं नाही. गावातला माणूस म्हण म्हणतो आणि तरीही घोंगडी काखेत घेऊनच आखरावर येतो.

पोळा बघायला जायचं असेल तर

बैल कमी होत चालले आहेत. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातली देशी जनावरं २०१२ च्या तुलनेत ६ टक्क्यांनी घटलेली दिसली. ट्रॅक्टर आले, चारा महागला, सालगडी मिळेनासा झाला. काही गावांत आता पोळ्याला ट्रॅक्टरही हार घालून उभे असतात. तरी यवतमाळ जिल्ह्याच्या सोळाही तालुक्यांत पोळा भरतो. तालुक्याच्या ठिकाणी गर्दी आणि ध्वनिक्षेपक जास्त, झडत्या ऐकायच्या तर लहान गाव बरं. जोड्यांच्या मागे उभं राहू नका, फटाके वाजत असतील तिथून लांब राहा, कारण बुजलेली जोडी रस्ता बघत नाही. फोटोसाठी बैलाच्या डोळ्यांवर फ्लॅश मारू नका. एखाद्या घरी ‘जेवाले या’ म्हटलं तर संकोच करू नका.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लहान पोरं लाकडी बैल सजवून दारोदार जातात आणि आपला बोजारा वसूल करतात. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा त्याच्या भल्यामोठ्या लाकडी बैलांसाठी प्रसिद्ध आहे. त्याच दिवशी नागपुरात मारबतींची मिरवणूक निघते. काळी मारबत, पिवळी मारबत आणि त्यांच्यासोबत महागाईपासून राजकारणापर्यंत सगळ्यांची टर उडवणारे बडगे. गावांत एवढा थाट नसतो. तिथे पहाटे अंधारातच पळसाच्या फांद्या गावाबाहेर नेऊन टाकतात आणि ओरडतात, ‘ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत.’ खोकला, ताप, ढेकूण, डास, कपाशीवरची बोंडअळी, ज्याला जे जड झालं असेल ते त्या फांद्यांसोबत जातं. पावसाला मात्र कोणी जा म्हणत नाही.